कोकण किनाऱ्यावर सावकाश फोटोग्राफी: परवानगी, उजेड, फोटोखालच्या ओळी आणि परत नेऊन द्यायचे प्रिंट

खाडीकाठ (धागाकर्ती)

मासेमारी, काजू, दशावतार, शिमगा, कातळशिल्पं अशा विषयांवर कोकणात दीर्घकाळ काम करणारे इथे बरेच आहेत. "डॉक्युमेंटरी करायची आहे, सुरुवात कुठून करू?" या प्रश्नाची उत्तरं मात्र वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरली आहेत. ती एका जागी यावीत म्हणून हा धागा. कुठला कॅमेरा घ्यावा ही चर्चा कृपया इथे नको.

माझा मुद्दा असा की फोटो काढण्याआधी घेतलेली परवानगी अर्धीच असते. समोरची बाई "काढा" म्हणते तेव्हा आपलं कुठलं रूप त्यात येणार आहे, हे तिला माहीत नसतं. तुम्हालाही नसतं. फोटो तयार झाला, तिने तो हातात घेऊन पाहिला, तो कुठे कुठे जाणार हे तिला कळलं आणि मग ती "असू दे" म्हणाली, तर ती पुरी परवानगी. म्हणजे तिच्याकडे दुसऱ्यांदा जाणं आलंच. मी सावकाश फोटोग्राफी म्हणते ती या दुसऱ्या भेटीला. फिल्म वापरणं, ट्रायपॉड लावणं, स्क्रीन बंद ठेवणं या सगळ्याने हात थांबतो आणि ते चांगलंच आहे. पण दुसरी भेट नसेल तर फिल्मवर काढलेला फोटोही घाईचाच.

वेळेचं गणित कॅलेंडरवर नाही, कामावर बसवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बहुतेक फोटोग्राफर त्या काळात किनाऱ्याकडे फिरकत नाहीत, आणि तोच काळ बोलण्याचा. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, पडवीत जाळी विणणं-सांधणं चालू असतं, माणसाला मान वर करायला सवड असते. ओळख जून-जुलैत करा, धंद्याचे फोटो नारळी पौर्णिमेनंतर. उलटं केलंत तर ऐन हंगामात, मासळी उतरवताना, तुम्ही अनोळखी माणूस म्हणून मध्ये उभे राहता.

दिवसातली वेळ भरतीवर ठरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. दर दिवशी ती पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. त्यामुळे "उद्या याच वेळी येतो" असं रापणकरांना (किनाऱ्यावरून दोरांनी मोठं जाळं, म्हणजे रापण, ओढणाऱ्यांना) सांगून गेलात तर दुसऱ्या दिवशी किनारा रिकामा सापडू शकतो. वेळ त्यांना विचारा, तुम्ही सांगू नका.

पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू दे. तासभर उभं राहून वहीत लिहा: कोण कुठून येतं, कोण कोणाशी बोलतं, उजेड कुठून पडतो, कुठे उभं राहिलं की कामात अडथळा होतो. या नोंदींतूनच पुढे फोटोखालच्या ओळी तयार होतात.


सागरवेळ

उत्तम धागा. लिलाव आणि रापणीबद्दल लिहितो.

हर्णैसारख्या बंदरात लिलाव दुपार कलल्यावर रंगात येतो. समुद्र पश्चिमेला. म्हणजे तुम्ही जमिनीवरून समुद्राकडे तोंड केलंत की सूर्य थेट लेन्समध्ये आणि माणसं काळी. कोकणातले निम्मे फोटो याच कारणाने छायाकृती असतात. सोनेरी पाणी, काळी होडी, डोक्यावर पाटी घेतलेली काळी बाई. दिसायला छान, पण त्यात कोण आहे ते कळत नाही. रोज मासळी वाहणाऱ्या बाईचा चेहरा घालवून आपण तिची फक्त कड ठेवतो. म्हणून पाण्याच्या बाजूला जा, पाठ समुद्राकडे करा आणि उजेड चेहऱ्यावर येऊ द्या. मागे बंदर, टेम्पो, बर्फाचे खोके, दुकानं दिसतील. दिसू देत, लिलाव तिथेच चालतो.

समुद्राकडे बघूनच काढायचा असेल तर उजेडाचं मोजमाप चेहऱ्यावर करा. पूर्ण चौकटीचं मोजमाप घेतलं तर कॅमेरा पाण्याची चमक बघून चेहरा बुडवतो. तेव्हा +१ ते +१.७ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) द्यावे लागतात. स्पॉट मोजमाप गालावर घेतलंत तर उलटी चूक होते. कॅमेरा सावळी त्वचा मधल्या करड्यापर्यंत उजळ करतो, त्यामुळे तिथे अर्धा ते एक स्टॉप कमी करा. मागचं पाणी पांढरं फटक गेलं तरी चालेल.

उभं कुठे राहायचं? लिलाव पुकारणारा आणि घेणाऱ्या बायका यांच्या मध्ये कधीच नाही. बोली नजरेने आणि मानेनेही चालते. तुम्ही मध्ये आलात तर एखादीची बोली हुकते आणि तिचं नुकसान होतं. मासळीचे वाटे चौकटीसाठी हलवू नका, हलवायला सांगूही नका. सुरमई वर आणि बांगडा खाली असा बदल झाला की फोटो खोटा झाला.

रापणीत दोन्ही बाजूंनी दोर ओढतात. दोराच्या आतल्या बाजूला, म्हणजे जाळं आणि किनारा यांच्या मधल्या कमानीत उभं राहू नका. ताणलेला दोर सुटला तर पायावर येतो, शिवाय ओढणाऱ्यांची वाट अडते. दोर ओलांडायचा नाही, चपलेने जाळ्यावर पाय द्यायचा नाही, होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) बसायचं नाही. तिथे पूजा होते. बॅग ठेवायला रिकामी होडी सोयीची दिसते, तीही विचारूनच. ओढायला हात लावणाऱ्याला थोडी मासळी देण्याची रीत आहे; फोटोसाठी दोन मिनिटं दोर धरून ती घेऊ नये. हवी असेल तर चालू भावाने विकत घ्या.

लेन्स ३५ किंवा ५० मिमी पुरे. २०० मिमीने लांबून काढलं की परवानगी विचारायची गरज वाटेनाशी होते, आणि गडबड तिथूनच सुरू होते.


निशिगंध

वाचनखूण साठवली. एक विचारायचं होतं. ट्रॉलरवर तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) "या, काढा" म्हटलं तर पुरेसं का? रत्नागिरीकडच्या बोटींवर बरेच खलाशी नेपाळचे असतात, त्यांना मराठी फारसं येत नाही.


खाडीकाठ

निशिगंधताई, पुरेसं नाही. तांडेलाची परवानगी बोटीवर पाय ठेवण्यापुरती. तो बोट चालवतो, खलाशाच्या चेहऱ्याबद्दल हो म्हणायचा हक्क त्याला नाही. आणि तांडेल किंवा मालक जवळ उभा असताना खलाशी नाही म्हणणारच नाही, कारण हंगामाचा हिशोब मालकाच्या हातात असतो. म्हणून खलाशांना बंदरावर, मालक नसताना, एकेकट्याला विचारा. हिंदीत विचारलं तर बहुतेकांना समजतं. तरी "इंटरनेटवर टाकणार" म्हणजे नेमकं काय हे फोनवर उघडून दाखवा: "अशा पानावर दिसेल, तुझ्या गावचा माणूसही बघू शकेल." काहींना तेच नको असतं. घरी त्यांनी वेगळं काम सांगितलेलं असू शकतं. कारण विचारत बसू नका.

आंबा बागांतले राखणदार, चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेले मजूर, यांच्याबाबतही हेच.

नकार ओळखायलाही शिकावं लागतं. आपल्याकडे तोंडावर "नको" फार कमी जण म्हणतात. "नंतर बघू", "आता कशाला", "आमचे कसले फोटो" हे नकार आहेत. मान वर न करता "होय होय, काढा" हाही नकारच समजा. "अवतार बघा माझा" याचा अर्थ मात्र बऱ्याचदा वेगळा असतो: थांबा, मला साडी बदलू दे. थांबा. ती साडी बदलून, वेणी घालून आली तर तसाच काढा. "नको, मघाचंच बरं होतं" असं म्हणू नका. आपण कसं दिसावं हे तिने ठरवलंय. कामाच्या कपड्यातला हवा असेल तर तो वेगळा मागा, दोन्ही काढा.


तळकोकणी

मालवणीत "तुमचो फोटो काढू काय?" एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं. शहरी मराठीत विचारलं की लोक सरकारी माणूस समजतात.

काजू कारखान्यांबद्दल लिहितो. मालकाने आत सोडलं म्हणजे बायकांनी होकार दिला असं नाही, हे वर आलंच आहे. दुसरं म्हणजे गर सोलण्याची मजुरी बहुतेक ठिकाणी किलोवर असते. तुम्ही तिला दहा मिनिटं हात थांबवायला, वळायला, पुन्हा तसंच करायला सांगितलंत तर तेवढी मजुरी गेली. म्हणून कामाच्या वेळी फक्त जे चाललंय ते काढा, सूचना शून्य. बसवून काढायचं पोर्ट्रेट जेवणाच्या सुट्टीत किंवा सुटल्यावर. त्यासाठी वेळ घेतलात तर वेळेचे पैसे द्यावेत असं माझं मत आहे, आणि ते फोटोच्या नोंदीत लिहावं. "पैसे दिले तर डॉक्युमेंटरी राहत नाही" हा नियम मला पटत नाही. पैसे देऊन तिच्याकडून खोटं काही करून घेतलं तर राहत नाही. तिचा वेळ फुकट घेतला म्हणून फोटो जास्त खरा होत नाही.

काजूच्या टरफलाच्या तेलाने हात काळे पडतात, कातडी निघते. म्हणून सगळे हातांचे क्लोजअप काढतात. चेहरा नाही म्हणजे परवानगी नको, असं समजू नका. गोंदण, बांगड्या, तुटलेलं नख यावरून गावातल्या कोणालाही हात ओळखता येतो. त्या हातांची तिला लाज वाटत असेल तर?

आता दशावतार. नाटकात लिखित संहिता नसते. संवाद नट उभ्या उभ्या रचतात. म्हणून फ्लॅश पूर्ण बंद. डोळ्यांवर झोत आला की वाक्य तुटतं आणि ते कुठे लिहिलेलं नसल्यामुळे परत सापडत नाही. शटरचा आवाज पखवाज-झांजेच्या गजरात खपतो, पण संथ संवादात ऐकू जातो. तेव्हा काढू नका किंवा आवाजविरहित शटर लावा. त्यात धोका असा की विजेच्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा लवलवतो, आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० वर ठेवलं तर बहुतेक वेळा जातात. स्वस्त एलईडी असतील तर तरीही राहतात; मग यांत्रिक शटर. आयएसओ ३२००, एफ/२, १/१०० एवढ्यावर साधारण भागतं. युद्धनृत्यात गिरक्या धूसर येतील, येऊ देत.

रंगपटात जाण्यासाठी कंपनीच्या मालकाला विचारा, मग प्रत्येक नटाला. स्त्रीपार्टी नटाचा अर्धा रंगलेला चेहरा सगळ्यांना हवा असतो. तो फोटो बाहेर गेल्यावर त्याखाली काय काय लिहिलं जातं, हे त्या नटाला भोगावं लागतं. त्याला वेगळं विचारा, आणि पुरुषवेष-स्त्रीवेष असे दोन फोटो शेजारी शेजारी लावणार असाल तर तेही सांगून विचारा. पेटाऱ्यावर बॅग ठेवू नका, तो ओलांडू नका. तो पुजलेला असतो.


जुना निगेटिव्ह

वरचं बरंचसं मान्य आहे, पण एका बाबतीत विरोध नोंदवतो. आधी विचारलं की क्षण मरतो. माणूस ताठ उभा राहतो. लिलावातला आवेश, शिमग्यात पालखी नाचवतानाचं भान हरपणं, हे विचारून मिळत नाही. सगळेच परवानगी मागत बसले असते तर रस्त्यावरची फोटोग्राफी झालीच नसती.


खाडीकाठ

दादा, आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सुरुवातीला मी दुसऱ्या भेटीवर जोर दिला. लिलावात, पालखीत आधी एकेकाला विचारणं शक्यच नाही. तिथे गावाची परवानगी आधी घ्या (पालखीसाठी मानकरी-गावकर, लिलावासाठी मच्छीमार सोसायटीचे लोक), मोकळेपणाने काढा आणि वापरण्याआधी त्या त्या माणसाला शोधून दाखवा. क्षणही मिळतो आणि हक्कही राहतो. शोधणं अवघड नसतं. वाडीत फोटो दाखवला की पाच मिनिटांत नाव कळतं. सापडलाच नाही तर तो फोटो संग्रहात ठेवा, बाहेर काढू नका.

ताठ उभं राहण्याबद्दल: पहिल्या दिवशी ताठ, चौथ्या वेळी नाही. तो वेळ देणं हेच तर काम. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं राहून काम केलं, ते अवघडलेपण त्या फोटोंत कुठे दिसत नाही.

गाभारा, देवरहाटी (देवाचं राखीव रान), गाऱ्हाणं (देवापुढचं मागणं) चालू असताना: "नाही" सांगितलं तर वाद नाही, युक्ती नाही, लांब लेन्स नाही.


जुना निगेटिव्ह

वापरण्याआधी दाखवणं, ही रीत पटते. मग फोटोखालच्या ओळींबद्दलही कोणीतरी लिहा. तिथे सगळ्यात जास्त चुका होतात.


उधाणभांग

लिहितो. सर्रास दिसणारी चूक म्हणजे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला "कोळी" म्हणणं. रायगड आणि उत्तरेला कोळी बरोबर. गुहागर-रत्नागिरी पट्ट्यात खारवी समाज मोठा आहे, मिरकरवाड्यासारख्या ठिकाणी दालदी मुसलमान मच्छीमार आहेत, मालवण-वेंगुर्ल्याकडे गाबीत. मालवणच्या गाबीत बाईच्या फोटोखाली "कोळीण" लिहिलं की तिच्या वाडीत तो फोटो कायमचा चुकीचा. अंदाजाने जात लिहू नका. विचारा, आणि लिहायची गरज आहे का तेही विचारा. मासळीची नावंही तशीच. "मासे" नको, बांगडा, तारली, पापलेट, माकूल काय असेल ते. जाळ्याचा प्रकार लिहा: रापण, डोल, पर्ससीन (यंत्राच्या होडीवरून थव्याभोवती टाकायचं मोठं जाळं), ट्रॉल. यातल्या कोणाचं कोणाशी भांडण आहे हे ठाऊक नसेल तर लिहिण्याआधी समजून घ्या. पर्ससीनच्या होडीखाली "पारंपरिक मच्छीमार" असं लिहिलेलं पाहिलं की रापणकर चिडतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

ओळींचा क्रम मी असा ठेवतो: कोण (तिने सांगितलेलं नाव, तिच्या पद्धतीने), काय करते आहे, कुठे, तारीख. त्यानंतर एक वाक्य, फोटोत न दिसणारं पण समजायला लागणारं. "पहिल्या लिलावात भाव पडल्यामुळे तिने माल बर्फात ठेवला आहे" असं. विशेषणं काढून टाका. "कष्टाळू", "हसतमुख", "साधीभोळी" यांतून फक्त लिहिणाऱ्याची नजर कळते. आणि ओळी तिला वाचून दाखवा. दुसऱ्या भेटीत फोटो दाखवतो तसंच.

नाव न विचारण्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोला काढलेला स्थलांतरित आईचा फोटो. नाव टिपलं नव्हतं. जगभर छापून आलेल्या त्या बाईचं नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळलं थेट १९७८ मध्ये. फोटोचा तिला पैशाने काहीच उपयोग झाला नव्हता आणि तिने ती नाराजी बोलूनही दाखवली.


सड्यावरची सावली

माणसं नसलेल्या विषयांतही सावकाशी लागते, म्हणून कातळशिल्पं आणि कासवं यांची भर.

बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी इथली शिल्पं जांभ्यात उथळ कोरलेली आहेत. दुपारी बाराला काढलेल्या फोटोत रेषा दिसतच नाहीत, आणि मग लोक खडूने गिरवतात. कृपा करून खडू, चुना, रंग, कोळसा काहीही नको. जांभा सच्छिद्र असतो, भुकटी आत बसते. आणि गिरवणारा स्वतःला वाटते ती रेषा गिरवतो; पुढच्या अभ्यासकाला मूळ रेषा कुठली ते कळत नाही. उपाय फक्त तिरपा उजेड: सूर्य उगवल्यावर किंवा मावळण्याआधीचा तासभर. तेही एकदा नाही, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही, कारण उजेडाच्या दिशेला समांतर असलेली रेषा सावली टाकत नाही. सकाळी हरवलेली रेषा संध्याकाळी सापडेलच असं नाही. मग अंधार पडल्यावर टॉर्च जमिनीलगत, शिल्पाच्या चारही बाजूंना एकेकदा धरून, ट्रायपॉडवर चार फोटो. कडेला १० सेंटिमीटरची मोजपट्टी आणि उत्तर दाखवणारा बाण ठेवा. देवाचे गोठणे इथे होकायंत्राची सुई शिल्पाजवळ भरकटते, तेव्हा तिथे उत्तर लांब जाऊन ठरवा. चपला बाहेर. सडा (कातळाचं पठार) खाजगी मालकीचा असतो, मालकाला विचारूनच जा. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली तेव्हापासून गर्दी वाढली आहे.

वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सोडताना: फ्लॅश नाही, फोनची टॉर्च नाही, फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा छोटा दिवाही मेनूत जाऊन बंद. हा दिवा सगळे विसरतात. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची दिशा चुकतात. दोरीच्या अलीकडूनच, कॅमेरा वाळूलगत ठेवून. पिल्लू हातात घेऊन फोटो काढणं गुन्हा आहे, प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. किनारा चालत काढताना दिसलेल्या, अंडी अजून सुरक्षित जागी न हलवलेल्या घरट्याचं ठिकाण कधीही टाकू नका.


निशिगंध

ठिकाणावरून आठवलं, फोटोतलं जीपीएस आपोआप जातं का?


सागरवेळ

नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर सहसा जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच राहतं. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन बंदच ठेवा. होडीवरचा नोंदणी क्रमांकही तसाच. २०१७ पासून एलईडी दिवे लावून मासेमारीवर बंदी आहे. समुद्रात काढलेल्या तुमच्या फोटोत दिवे लावलेली होडी आणि तिचा क्रमांक दोन्ही असतील तर तो पुरावा होतो, आणि तुम्हाला बोटीवर नेणाऱ्या गरीब तांडेलाला त्याचा त्रास होऊ शकतो. असा फोटो छापू नका असं मी म्हणत नाही. छापायचा तर विचार करून, त्याला सांगून.

नावांची यादी आणि फोटो एकाच फोल्डरात नकोत. फाइलला तारीख-ठिकाण-क्रमांक, आणि नाव-फोन-परवानगी वेगळ्या वहीत त्याच क्रमांकाने.


उधाणभांग

परवानगीची नोंद कागदावर सही घेऊन करू नये असं मी म्हणेन. सही म्हटली की लोक सातबारा आठवून घाबरतात. तीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण बरं. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: घरापुरता प्रिंट, प्रदर्शन किंवा पुस्तक, इंटरनेट. बरेच जण पहिल्या दोन्हींना हो आणि तिसऱ्याला नाही म्हणतात. मुलांच्या बाबतीत आईबाप आणि मूल दोघांचाही होकार. मूल तोंड फिरवत असेल तर आईच्या होकाराला अर्थ नाही.


सड्यावरची सावली

खाऱ्या हवेबद्दल थोडक्यात, कारण कॅमेरा मध्येच बंद पडला की दुसरी भेट होत नाही.

बुरशी साठ-पासष्ट टक्क्यांवरच्या दमटपणात धरते. हवाबंद डबा, आत छोटा आर्द्रतामापक, १० लिटरला पाव किलो सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. तीसच्या खाली नको, रबर आणि वंगण सुकतं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास. तांदळात कॅमेरा ठेवू नका, पीठ आत जातं. किनाऱ्यावरून आल्यावर आधी फुंकणीने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. क्रम चुकला तर वाळू काचेवर घासते. एसी गाडीतून थेट बाहेर काढला की काचेवर दव धरतं. बंद प्लॅस्टिक पिशवीत अर्धा-पाऊण तास राहू द्या. ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा टप्पा आधी उघडा म्हणजे सांधे वाळूच्या वर राहतात.

आणि निळी ताडपत्री! पावसाळ्यात ती सगळीकडे असते आणि तिच्याखाली प्रत्येक चेहरा निळा पडतो. राखाडी कार्ड चेहऱ्याजवळ धरून व्हाइट बॅलन्स ठरवा. कडेने दिवसाचा उजेडही येत असेल तर दोन रंग मिसळतात आणि नंतर कुठलंच सॉफ्टवेअर ते पूर्ण निस्तरत नाही. तुम्हीच जागा बदला.


तळकोकणी

प्रिंट कसले द्यावेत?


जुना निगेटिव्ह

लॅबमधले, रसायनावर धुतलेले ४ बाय ६ किंवा ५ बाय ७. घरच्या इंकजेटचे साध्या शाईचे प्रिंट पहिल्या पावसाळ्यात पसरतात. काचेला चिकटवून फ्रेम करू नका, ओलीने फोटो काचेला धरतो आणि काढताना चेहरा सोलून निघतो. मध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला. मागे पेन्सिलीने नाव, तारीख. एका घरात दोन प्रती द्या, कारण एक मुंबईला जाते. आणि तुम्हाला आवडलेलाच देऊ नका. त्यांनी मागितलेला, सगळं कुटुंब सरळ उभं असलेला, तोही काढून द्या.

निवड करतानाही हेच छोटे प्रिंट वापरा. महिनाभर बाजूला ठेवून मग जमिनीवर मांडा. एकेकासमोर विचारा की हा फोटो त्या माणसाच्या घरात भिंतीवर लागेल का. लागणार नाही असा एखादा तरीही ठेवावासा वाटला तर तो का ठेवतो आहोत, हे एका वाक्यात लिहून काढा. वाक्य जमलं नाही तर फोटो बाहेर.


निशिगंध

शेवटचा प्रश्न. सगळं नीट विचारून केलं, पुस्तक छापलं, आणि पाच वर्षांनी त्या बाईने "काढून टाका" म्हटलं तर? फोटोचा हक्क तर आपलाच ना?


खाडीकाठ

कायद्याने तुमचाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात (२०१२ च्या दुरुस्तीनंतर) फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि कोणी पैसे देऊन काढून घेतला नसेल तर तो काढणाऱ्याचा. जिचा चेहरा आहे तिला त्यात काहीच वाटा नाही. म्हणून निर्णय तुमच्यावर येतो.

याचं मोठं उदाहरण मच्छीमारांच्याच गावातलं आहे. जपानमधल्या मिनामाताच्या खाडीत कारखान्याने पारा सोडला, मासे खाऊन माणसं आजारी पडली. फोटोग्राफर युजीन आणि आयलीन स्मिथ १९७१ पासून तिथे तीन वर्षं राहिले. आईने आजारी मुलीला न्हाणीत धरलेला त्यांचा फोटो जगभर गेला आणि त्याने त्या लढ्याला बळ दिलं. मुलगी पुढे वारली. आता तिला विसावा मिळू दे, अशी आईवडिलांची इच्छा होती. हक्क आयलीन यांच्याकडे होता; त्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो फोटो नव्याने वापरायला देणं थांबवलं. होकार आधीच मिळालेला असूनही.

प्रत्यक्षात असं करा. इंटरनेटवरून त्याच दिवशी काढा, कारण विचारू नका. ज्यांना ज्यांना फाइल दिली त्यांची यादी आधीपासून ठेवलेली असली पाहिजे. त्या प्रत्येकाला लेखी कळवा. प्रदर्शनातला प्रिंट उतरवा आणि तिला हवा असेल तर तिला द्या. छापलेल्या प्रती परत आणता येत नाहीत हे तिला खरं सांगा, पुढच्या आवृत्तीत तो नसेल हे लिहून द्या. मूळ फाइल नष्ट करायची की बंद ठेवायची, हे तिने ठरवायचं. आणि हे सगळं पहिल्याच भेटीत, परवानगी विचारतानाच सांगा: "उद्या नको वाटलं तर कळवा." तुमचा नंबर प्रिंटच्या मागे लिहा, कारण वहीतला कागद हरवतो, घरातला फोटो सहसा हरवत नाही.